ऐकण्याचे मोल : स्वस्त आणि महाग हेडफोनचा इतिहास

काही शे रुपयांचा हेडफोन आणि वीस हजारांचा हेडफोन यांत नेमका फरक कशाचा, हा प्रश्न आपण सहसा दुकानदाराला विचारतो. आमच्या मते तो इतिहासाला विचारावयास हवा. हेडफोनसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला त्या पैशांतून काय मिळाले, याचे उत्तर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत निदान चार वेळा बदलले आहे. दुकानात मात्र प्रत्येक वेळी ‘चांगला आवाज’ हेच नाव सांगितले गेले.

आरंभ १८८१ च्या पॅरिसमधून करावा लागतो. त्या वर्षीच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची ध्वनिग्राहक यंत्रे बसवली आणि दूरच्या दालनात प्रेक्षक दोन्ही कानांना एकेक श्रवणी लावून गायन ऐकू लागले. पुढे १८९० मध्ये ‘थिएट्रोफोन’ नावाने याचा रीतसर व्यवसाय झाला. सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून काही मिनिटे ऐकता येई, श्रीमंतांना घरपोच वर्गणीची सोय होती. मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये असा वर्गणीदार झाला होता. लंडनमध्ये १८९५ पासून ‘इलेक्ट्रोफोन’ची सेवा होती आणि तिची वार्षिक वर्गणी ५ पौंड होती. हा सारा आवाज टेलिफोनच्या प्रतीचा, म्हणजे आजच्या अगदी सामान्य इअरफोनपेक्षाही पुष्कळ कमी प्रतीचा होता. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला खरखरता ऑपेरा घरबसल्या ऐकू येई. ज्याच्याजवळ नव्हता त्याच्यासाठी घरात शांतताच होती. या पहिल्या पर्वात किमतीने केवळ प्रवेश मिळत होता.

दुसरे पर्व अमेरिकेतील युटामध्ये सुरू झाले. नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन १९१० मध्ये अमेरिकन नौदलाकडे पाठवले. ते तपासणीत इतके सरस ठरले की नौदलाने मागणी नोंदवली; परंतु सारे काम स्वयंपाकघरात चालत असल्याने एका वेळी दहा नगांहून अधिक पुरवणे त्याला शक्य नव्हते. या हेडफोनचा मोठा गुण संवेदनशीलतेचा होता. बिनतारी संदेशाचा क्षीण संकेत कानाला कळेल इतका स्पष्ट करणे, एवढेच त्याचे काम. १९२० च्या दशकात घरोघरी आलेल्या साध्या स्फटिक-रेडिओलाही हीच गरज होती. त्या रेडिओला वीज लागत नसे. आकाशतारेने पकडलेल्या अत्यल्प ऊर्जेवरच हेडफोनचा पडदा हलवावा लागे. तेव्हा चांगल्या आणि सुमार हेडफोनमधील फरक दूरचे केंद्र लागते की नाही, असा सरळ असे. त्यात अभिरुचीचा प्रश्नच नव्हता.

अभिरुची आली ती स्टिरिओ तबकड्यांबरोबर. मिल्वॉकी येथील जॉन कॉस याने १९५८ मध्ये संगीत ऐकण्यासाठीच बनवलेला स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा ‘एचडी ४१४’ १९६८ मध्ये आला. मागची बाजू मोकळी, वजन हलके, कानावर पिवळ्या स्पंजाच्या गाद्या आणि आवाज अधिक मोकळा, अशी त्याची ठेवण होती. या तिसऱ्या पर्वात मात्र किमतीचा आणि आवाजाच्या गुणवत्तेचा संबंध बराच खरा होता, असे आम्हांला वाटते. चांगला आवाज देणारी यंत्रणा बनवणे तेव्हा खरोखरच खर्चिक होते.

हा संबंध सैल होऊ लागला तो १९७९ नंतर. त्या वर्षी सोनीने वॉकमन आणला. तोवर ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचे हेडफोन रूढ होते; वॉकमनसोबतचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास होता. पुढे १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबके आली आणि लहानशा जागेत मोठी चुंबकशक्ती मावू लागली. हेडफोनचे अंतरंग तसे साधेच असते : चुंबक, तारेचे वेटोळे आणि त्यासह थरथरणारा पातळ पडदा. हे तिन्ही भाग लाखोंच्या संख्येने बनू लागल्यावर स्वस्त वस्तू वाईटच असली पाहिजे, हा नियम उरला नाही. कॉसचा ‘पोर्टा प्रो’ हा १९८४ चा बेताच्या किमतीचा हेडफोन चार दशकांनंतरही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो, हे या बदलाचे बोलके उदाहरण होय.

गंमत अशी की, महागाची खरी शिखरे याच सुमारास उभी राहिली. १९९१ मध्ये सेनहायझरने ‘ऑर्फियस’ हा संच अवघ्या सुमारे ३०० नगांपुरता बनवला. २००१ मध्ये आयपॉडच्या पांढऱ्या तारा रस्त्यावर दिसू लागल्या आणि हेडफोन ही इतरांनी पाहण्याचीही वस्तू झाली. २००८ मध्ये ‘बीट्स’चे हेडफोन बाजारात आले आणि २०१४ मध्ये ती कंपनी अ‍ॅपलने ३ अब्ज डॉलरना विकत घेतली. चौथ्या पर्वात किमतीने प्रतिष्ठा मिळू लागली होती.

या पार्श्वभूमीवर २०१७ मधील एक संशोधन ध्यानात घेण्याजोगे आहे. जेरोन ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोनची मापे तपासली. खर्ज ते तार या पट्ट्यात कोणता स्वर किती जोरात उमटतो, याचा किमतीशी काही संबंध त्यांना आढळला नाही. अर्थात हे माप म्हणजे आवाजाचे सर्वस्व नव्हे. वस्तूचा टिकाऊपणा, कानावरचा भार, तुटलेली तार बदलण्याची सोय, या गोष्टी त्यात येत नाहीत आणि त्यांसाठी जास्त पैसे देणे गैर म्हणता येणार नाही. परंतु ‘महाग म्हणून अधिक खरा आवाज’ हा आपला सहज तर्क या मापाच्या कसोटीवर टिकत नाही. छापील किंमत आणि नाव डोळ्यांसमोर असताना कान निःपक्षपाती राहत नाही, म्हणूनच अशा परीक्षांत ती लपवावी लागतात.

आज पैशाने खरोखर काय मिळते, असे विचारल्यास आमचे उत्तर ‘शांतता’ असे आहे. अमर बोस यांना १९७८ मध्ये एका विमानप्रवासात यंत्रांच्या घरघरीमुळे संगीत ऐकता येईना. बाहेरच्या ध्वनीच्या उलट ध्वनी निर्माण करून तो निष्प्रभ करण्याची कल्पना त्यांनी तेथेच मांडायला घेतली. त्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी हेडफोन आले. हे तंत्र आता स्वस्त वस्तूंतही उतरले आहे. तरीही ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याला त्याची गरज कमी, आणि एकाच खोलीत चार माणसे राहतात त्या विद्यार्थ्याला ती सर्वाधिक. इलेक्ट्रोफोनच्या काळी गरिबाला आवाज मिळत नव्हता, आज त्याला शांतता मिळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. टेलिफोनचा जुना पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच होता. त्यात वाक्य समजे, पण ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होई, कारण ‘स’चा बराचसा जोर या पट्ट्याच्या वर असतो. कवीच्या मुद्रित वाचनातील असा ऊष्मवर्ण, मधला श्वास, ओळीच्या शेवटी थांबलेला स्वर, हे सारे पोहोचवण्याइतकी शक्ती आजच्या बऱ्या स्वस्त हेडफोनमध्ये असते. तेव्हा विद्यार्थ्याच्या कानातली वस्तू पाहून त्याच्या श्रवणाची प्रत ठरवण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. स्वस्त आवृत्तीत वाचलेली कादंबरी तीच कादंबरी असते, हे आपण ग्रंथांच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. वर्गात ध्वनिमुद्रण ऐकवायचे असेल, तर महाग संच मागण्याआधी तासाभराची एक शांत खोली मागावी. ऐकण्यासाठी तिचाच उपयोग अधिक होईल.