मायावी खेळ आणि खऱ्या जखमा

डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ अधिकृतपणे भारतात आला तो रिलायन्स जिओच्या साथीने, म्हणजे एका अर्थी नवी मुंबईच्या दारातून. जिओचा कारभार घणसोलीच्या संकुलातून चालतो. खऱ्या रस्त्यांच्या नकाशावर काल्पनिक प्राणी सोडलेले असतात आणि खेळाडूने चालत जाऊन ते पकडायचे असतात. त्याच वर्षीच्या जुलैत या निरुपद्रवी वाटणाऱ्या खेळावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला होता. ऑशवित्झच्या छळछावणीचे स्मारक आणि वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट संग्रहालय यांनी आपल्या आवारात हा खेळ नको असे बजावले. हिरोशिमानेही ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी शांतता उद्यानातील खेळाची ठिकाणे हटवण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली.

तो प्रश्न जागेचा होता. स्मारकाभोवती रेघ ओढली की तो सुटतो. त्याहून अवघड प्रश्न कथेचा आहे. राक्षस, चेटकीण, जादूचे राज्य अशा कल्पनारम्य खेळांनी इतिहासात खरोखर घडलेल्या अत्याचारांकडे निर्देश करावा काय?

करू नये, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक भक्कम पुरावा आहे. गुलामांच्या व्यापाराविषयी मुलांना शिकवण्यासाठी डेन्मार्कमधील एका संस्थेने तयार केलेल्या खेळात, जहाजाच्या तळघरात आफ्रिकी माणसे ठोकळ्यांसारखी रचण्याचा 'टेट्रिस'च्या धर्तीचा भाग होता. २०१५ मध्ये त्यावर टीकेची झोड उठली आणि तो काढून टाकावा लागला. निर्मात्यांचा हेतू त्या व्यापारातील क्रौर्य दाखवण्याचाच होता. पण मुलाची बोटे मात्र माणसे नीट बसवण्याच्या हिशेबात गुंतली. खेळात शिकवण बोटांच्या वाटेने जाते. पडद्यावरच्या उपदेशाला तेथे फारशी किंमत नसते.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर ३' (२०१५) या खेळात नोव्हिग्राड नावाच्या काल्पनिक नगरीत आधी जादूगारांना जाळले जाते आणि मग मानवेतर वंशांचा छळ सुरू होतो. ज्या देशाच्या भूमीवर ज्यूंचा संहार झाला तेथील लेखकांनी हे लिहिले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये तर खेळाडूला निर्वासितांच्या कत्तलीत स्वतः सामील होण्याची मुभा आहे. तसे केल्यास त्याचे काही सोबती त्याला कायमचे सोडून जातात. गुण वाढण्याऐवजी सोबत तुटते, आणि कथेपुरता तरी केलेल्या कृत्याचा भार खेळाडूवर राहतो.

भारतात ही चर्चा बहुधा भावना दुखावण्यापाशीच थांबते. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देत 'फॉलआउट ३' भारतात न आणण्याचे जाहीर केले. नेमके काय खटकले ते कंपनीने सांगितले नाही. खेळातील दोन डोक्यांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हटले जाते, याकडे अनेकांनी बोट दाखवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोखही मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. नावावरून वाद होतो, पैशावरून कायदा होतो. खेळाडूला काय करायला लावले जाते, हा मुद्दा मागेच राहतो.

तो मुद्दा नवी मुंबईच्या परिसरात फार जवळचा आहे. 'एज ऑफ एम्पायर्स'सारख्या खेळांत लाकूड ही फुकटची संपत्ती असते. माणूस पाठवावा, झाड तोडावे, आकडा वाढावा. जंगल कोणाचे, हे कोणी विचारत नाही. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. वनकायद्याविरुद्ध अक्कादेवीच्या माळरानाकडे निघालेल्या आगरी, कोळी, कातकरी सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जणांचे प्राण गेले. त्यांत नवश्या महादेव कातकरी हे एक होते. मामलेदार जोशी यांच्यासह काही सरकारी माणसेही त्या दिवशी मारली गेली. देव एका बाजूला आणि दानव दुसऱ्या बाजूला, अशी सोपी विभागणी येथे करता येत नाही.

नगररचनेच्या खेळांचेही तसेच. 'सिमसिटी' (१९८९) सुरू होते ती मोकळ्या, निर्मनुष्य जमिनीवर. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ज्या जमिनीवर नवी मुंबई वसवली, तेथे मात्र ९५ गावे होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या संघर्षातून आली. हे ठाऊक असलेल्या जासईच्या मुलाला खेळातला कोरा नकाशा कोरा दिसेलच असे नाही.

म्हणून कल्पनारम्य खेळ इतिहासापासून मुळातच अलिप्त आहेत, हे गृहीतक तपासले पाहिजे. जन्मतःच दुष्ट असणारा वंश ही या खेळांतली जुनी सोय. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने अशीच सोय प्रत्यक्षात केली होती: संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी यांनी तो शिक्का स्वातंत्र्यानंतरही, १९५२ पर्यंत वागवला आणि लोकांच्या नजरेतून तो अजून पुरता पुसलेला नाही. असे अनेक खेळ ज्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या घराण्यातले, त्याच्या प्रकाशकांनी जून २०२० मध्ये ऑर्क आणि ड्राउ यांना सरसकट दुष्ट न ठरवण्याचे जाहीर केले. राक्षसांनाही आता स्वभाव मिळू लागला, अशी थट्टा तेव्हा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी कोणाच्या आजोबांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागली नसावी.

'राजी' (२०२०) या पुण्यात घडलेल्या खेळाने पुराणकथांचे विश्व जगभरच्या खेळाडूंपुढे नेले. मराठी मुलखातला पुढचा असा खेळ चिरनेरच्या माळावर उतरला, तर त्यातील जंगलाला नाव काहीही द्यावे. राखीव रानात कोयता घेऊन शिरणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे मात्र खेळाडूला आधी दिसले पाहिजे. बंदूक कोणाच्या हाती द्यायची, हे त्यानंतर ठरवावे.