संगशाक ते कोहिमा : जपानच्या ३१ व्या डिव्हिजनची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धाचा वणवा भारताच्या ईशान्य सीमेवर आणून पोहोचविणाऱ्या जपानी सैन्यात ३१ वी पायदळ डिव्हिजन अग्रभागी होती. १९४३ साली बँकॉक येथे उभारलेल्या या दलाचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो. त्यांचे वरिष्ठ जनरल मुतागुची यांच्या योजनेनुसार १५ मार्च १९४४ च्या रात्री तिने चिंदविन नदी ओलांडण्यास आरंभ केला. शिधा अवघा तीन आठवड्यांचा. सोबत गुराढोरांचे तांडे. त्यांनी आधी ओझे वाहावे व मागाहून सैनिकांचे अन्न व्हावे, असा विलक्षण हिशेब! पुष्कळशी जनावरे वाटेतच दगावली.

कोहिमा गाठण्यापूर्वी मणिपुरातील संगशाक या डोंगरी गावी डिव्हिजनच्या ५८ व्या रेजिमेंटचा मार्ग अडला. वास्तविक हा टापू शेजारच्या १५ व्या डिव्हिजनकडे सोपविलेला होता. परंतु मेजर जनरल मियाझाकी यांना हल्ल्याचा मोह आवरला नाही. समोर ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला, जिचे केंद्र आपल्या बेळगावात आहे त्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. खडकाळ जमिनीत खंदक खोल जाईनात, पाण्याचा दुष्काळ, विमानांनी टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच हाती पडे. तरीही २२ ते २६ मार्च ही शिबंदी झुंजली आणि अखेरीस आज्ञेनुसार रात्री बाहेर पडली. गाव जपान्यांना मिळाले खरे, पण शेकडो माणसे व अनमोल दिवस त्यांनी गमावले.

एप्रिलच्या आरंभी सातोंनी कोहिमाला वेढा घातला. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातील टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना दोन सैन्ये भिडली होती. वेढा फुटला, पावसाळा लागला, आणि मागून धान्य काही आले नाही. मे महिनाअखेर सातोंनी वरिष्ठांची आज्ञा धुडकावून माघार घेतली. जपानी लष्करी शिस्तीत हा अक्षम्य अपराध होय. मात्र उपाशी शिपायांच्या दृष्टीने तोच एकमेव शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. सातोंना जुलैत पदावरून दूर करण्यात आले. त्यांना लष्करी न्यायालयासमोर आपली बाजू मांडावयाची होती. परंतु त्यांची मनःस्थिती बिघडल्याचे ठरवून खटलाच टाळण्यात आला.