हिशेबाचा ताळा

बेरीज झाली की तिचा ताळा पाहावा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. संगणकाच्या राज्यात मात्र, जिथे साऱ्या जगाचे हिशेब ठेवलेले असतात त्या दालनातच हा ताळा फार उशिरा पोहोचला.

१९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड याने एक निबंध लिहून मांडले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ती यंत्रात कोठे दडली आहे याची चिंता मागणाऱ्याने वाहू नये. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांशी बोलण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच आजची ‘एसक्यूएल’. बिचारा बॉइस त्याच वर्षी, ऐन तारुण्यात वारला.

भाषा सोपी खरी, पण तिच्यात एक खोच आहे. ‘हप्ता भरलेल्यांच्या यादीत ज्यांचा क्रमांक नाही, असे खातेदार दाखव,’ अशी आज्ञा सरळ शब्दांत करावी, आणि त्या यादीत कोणी एकच जागा कोरी सोडलेली असावी. उत्तर येते, असा कोणीही नाही! कारण कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, ती ‘अज्ञात’. आणि तो अज्ञात क्रमांक अमक्याचा नसेलच, असे यंत्र छातीठोकपणे कसे सांगणार? ना तक्रार, ना इशारा. हजार थकबाकीदार असले तरी कागद स्वच्छ!

एरवीच्या आज्ञावल्यांसाठी ताळ्याची सोय केंट बेक या अमेरिकनाने १९९४ च्या सुमारास केली होती. आज्ञावलीचा एक लहानसा भाग घ्यायचा, उत्तर आधीच ठाऊक असलेले उदाहरण त्याला घालायचे आणि उत्तरे जुळतात की नाही हे यंत्रालाच पाहू द्यायचे. यालाच ‘युनिट टेस्टिंग’ म्हणतात. १९९७ मध्ये झ्यूरिकहून अटलांटाच्या परिषदेला जाताना विमानातच बेक व एरिक गॅमा यांनी ही युक्ती जावा भाषेत आणली, आणि ती जगभर पसरली.

तक्तेवाले मात्र मागेच राहिले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. बेरजेचा ताळा पाहिल्याने आकडे बदलत नाहीत. पण ‘व्याज जमा कर’ ही आज्ञा तपासू जावे तर व्याज खरोखरच जमा होते, आणि दुसऱ्यांदा तपासावे तो शिल्लक वाढलेली! स्मरण हाच ज्याचा धर्म, त्याची परीक्षा पाहायची कशी?

गंमत अशी की, औषध घरातच होते. व्यवहार अर्ध्यावर मोडला तर सारे पूर्ववत करण्याची ‘रोलबॅक’ची सोय कॉडच्याच कंपनीने सत्तरीच्या दशकात बांधलेल्या ‘सिस्टिम आर’मध्येही होती, पण ती अपघातासाठी. २००० च्या सुमारास स्टीव्हन फॉयरस्टाइन याने ओरॅकलसाठी ताळ्याची साधने रचली, २००८ मध्ये डेव्हिड व्हीलरने पोस्टग्रेससाठी. मायक्रोसॉफ्टच्या तक्त्यांसाठी पुढे ‘टीएसक्यूएलटी’ आले. ते खऱ्या तक्त्याच्या जागी त्याच नावाचा रिकामा तक्ता उभा करते. त्यात तपासणाराने चारच ओळी भराव्या, एक मुद्दाम कोरी. यंत्र सांगते: अपेक्षित थकबाकीदार एक, मिळाले शून्य. मग रोलबॅक होतो, खरा तक्ता जागेवर येतो, आणि त्यातला एक आकडाही हललेला नसतो.