आमच्या गल्लीची फियाट आणि लष्करातली थंडी



ग्वाल्हेरच्या आठवणी निघाल्या की गणेशोत्सव, तानसेन समारोह, बाड्यावरची गर्दी, थंडीतली गजक हे सगळं येतंच. त्यावर इथे पुष्कळांनी माझ्यापेक्षा छान लिहिलं आहे. मी आज आमच्या घरच्या जुन्या फियाटबद्दल लिहिणार आहे, जी हिवाळ्यात सकाळी सुरू होत नसे. विषय क्षुल्लक वाटेल. पण गेल्या महिन्यात माळा आवरताना त्या गाडीची वही सापडली, आणि वाचता वाचता लक्षात आलं की त्यात गाडीबरोबर आमच्या गल्लीचाही बारा वर्षांचा इतिहास उतरला आहे.

नव्या पिढीसाठी थोडं मागचं सांगतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ आणली. ती छावणी पुढे उठलीच नाही, तिचंच शहर झालं आणि नावही लष्कर असंच राहिलं. फौजेबरोबर कारकून, भिक्षुक, वैद्य, कीर्तनकार, गवई आले. आमचे पूर्वजही असेच कुठल्याशा दफ्तरात लेखणी घेऊन आले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, तेव्हा ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी आणि इंदूर उन्हाळ्याची. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि नोकरीमागे बरीच मराठी घरंही तिकडे गेली. एजी ऑफिस मात्र ग्वाल्हेरलाच राहिलं, म्हणून आम्हीही राहिलो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथे ऑडिटमध्ये होते.

आमची गल्ली जनकगंजच्या बाजूला. अकरा घरं, त्यातली सात मराठी. १९७८ मध्ये दादांनी इंदूरला निघालेल्या एका डॉक्टरांकडून १९६८ सालची फियाट घेतली. नव्या गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीत बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगजवळ, रंग फिका निळा. ही 'आपल्या' माणसाची गाडी आहे हे दादा पाहुण्यांना आवर्जून सांगत. गल्लीतली ती पहिली मोटार. त्यामुळे ती जितकी आमची, तितकीच गल्लीची.

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. जानेवारीत रात्री पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली. सकाळी धुकं इतकं की समोरचं दार दिसत नाही. दादा चोक ओढत, क्लच दाबत आणि किल्ली फिरवत. घर्र… घर्र… घ… आणि गप्प. चौथ्या प्रयत्नाला शेजारची कडी वाजायची. "नाही होत का? आलो, आलो!" कानाला मफलर, अंगावर शाल, कुणाच्या तोंडात दातण. सगळे मागून हात लावायचे. दादा दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसायचे, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचे, आणि दहा-पंधरा पावलांत फियाट फुरफुरून उठायची. मग आजी सगळ्यांना आल्याचा चहा द्यायची. आम्हा मुलांना ती सकाळ सणासारखी वाटे. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली तर आमचा हिरमोड व्हायचा.

दादांची सवय ऑडिटची. प्रत्येक वेळी वहीत नोंद: तारीख, हवा कशी, किती वेळा किल्ली मारली, काय आवाज आला, काय दुरुस्ती केली, खर्च किती, आणि शेवटी 'धक्का: इतके जण'.

गाडी का सुरू होत नाही यावर गल्लीत प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. गंमत म्हणजे कुणाचंच मत सर्वस्वी चूक नव्हतं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून तर चोक ओढून मिश्रण घट्ट करायचं. इंजिनातलं तेल काकवीसारखं दाट होतं, मग स्टार्टरला जास्त जोर लागतो. आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी थंडीने मंदावलेली असते. धुक्याचा ओलावा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत शिरला की ठिणगी भलतीकडेच पळते. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि पंपाची बारीक दांडी हाताने हलवून ते पुन्हा वर आणावं लागतं.

आमच्या उस्तादांचं मत ठरलेलं: "बैटरी बैठ गई है साब." वहीत आहे, १९८१ मध्ये नवी बॅटरी. १९८३ मध्ये कार्बोरेटर खोलून साफ. १९८४ मध्ये पॉइंट आणि प्लग नवे. १९८६ मध्ये परत बॅटरी. मधल्या काळात घरगुती उपाय होतेच. आजी स्वैपाकाच्या सिगडीवर प्लग शेकून द्यायची, टोपी फडक्याने पुसून उन्हात ठेवायची. प्रत्येक उपायानंतर चार दिवस बरे जायचे, कारण चार दिवस थंडी कमी असायची. पुन्हा पारा उतरला की पुन्हा घर्र, घ, गप्प. आणि पुन्हा धक्का.

आता वहीतला तो शेवटचा रकाना पाहा. जानेवारी १९७९, धक्का: आठ जण. १९८२, सात जण. १९८५, पाच. १९८८, तीन. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि दोन-तीन वर्षांत गल्लीत दोन मारुत्या दिसू लागल्या, पण माणसं कमी होत गेली. कुणाचा मुलगा पुण्याला इंजिनिअर, कुणाचा मुंबईला बँकेत, एक जण अमेरिकेत. म्हातारे आई-वडील आधी हिवाळ्यापुरते मुलाकडे जात, मग कायमचेच. सातापैकी चार मराठी घरं विकली गेली. नवे लोक चांगलेच होते, पण पहाटे हाक मारावी इतकी ओळख अजून झाली नव्हती. दादांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त आकडा लिहीत गेले.

जानेवारी १९९१. मी एकोणीस वर्षांचा. पहाटे चारच्या सुमारास आजीला दम लागला. दमा जुनाच, पण त्या रात्रीचा वेगळा होता, ओठ निळे पडले होते. दादांनी तिला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं, आई तिला धरून बसली. किल्ली मारली. घर्र… घ… गप्प. हँडल आधीच्या मालकाकडेच राहून गेलेलं. मी धावत समोरच्या मास्तरकाकांना उठवलं. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. ते आणि मी, दोघांनी जोर लावला. गाडी हलली, पण वेग धरेना. दोनदा क्लच सोडला, दोनदा ती धक्का खाऊन थांबली. मास्तरकाका बॉनेटला टेकून धापा टाकत उभे राहिले. मी नव्या घरांची दारं वाजवली. एक उघडलं, पण तिथे एकटी म्हातारी बाई होती. शेवटी सव्वापाचला दूधवाल्याचा टेम्पो आला आणि त्यात कॅनच्या मधे आजीला नेलं.

आजी तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की वय अठ्ठ्याहत्तर आहे, फुफ्फुसं झिजलेली आहेत, तासाभराने फार फरक पडला नसता. दादांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही.

तेरावं झाल्यावर एका रात्री दादा वही घेऊन बसले. लाल पेन्सिल हातात, जसे ऑफिसात हिशेब तपासत तसे. सकाळी मास्तरकाकांना बोलावलं आणि तीन गोष्टी समोर ठेवल्या.

पहिली: बारा वर्षांत पुरेशी माणसं असली तर धक्क्याने गाडी दर वेळी सुरू झाली आहे. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगीही पडतेय. कार्बोरेटर, प्लग, पॉइंट यांवरचा सगळा खर्च वाया.

दुसरी: किल्ली मारताना हेडलाइट चालू असला तर तो मंद होत नाही, अशी नोंद पाच ठिकाणी. बॅटरी बसली असती तर स्टार्टर ओढ घेताच दिवा पिवळा पडला असता. म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचे पैसेही वाया.

तिसरी नोंद दादांनी चार वेळा केली होती आणि अर्थ कधीच लावला नव्हता: 'चोकची तार गरम लागली.' बाहेर पाच डिग्री, धातूला हात लावावा तर बोट बधिर व्हावं, आणि चोकची तार गरम!

मास्तरकाका ती ओळ वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, करंट तिथून परत जातोय."

त्यांनी समजावलं ते असं. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. बॅटरीतून जितका करंट इंजिनात येतो तितकाच परत बॅटरीकडे जायला हवा. त्यासाठी इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधे तांब्याची विणलेली एक पट्टी असते, अर्थची. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, त्यामुळे मुख्य वाट तेवढीच. ती खराब झाली की करंट मिळेल त्या वाटेने जातो, चोकच्या बारीक तारेतूनसुद्धा, आणि ती तार तापते. उन्हाळ्यात तेल पातळ, इंजिन हलकं फिरतं, तेवढ्यावर भागतं. थंडीत जास्त करंट लागतो आणि नेमका तेव्हाच तो पोचत नाही. दिव्याचं अर्थ थेट सांगाड्याला असतं, म्हणून तो लख्ख राहतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मुद्दाम थंडीतच, आम्ही एक जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. दादांनी किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीला गाडी सुरू झाली.

कुणालाही आनंद झाला नाही. दादांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आई दारातून बघत होती, ती आत गेली. पट्टी काढली तेव्हा वरून धड दिसत होती, पण बोल्टाखालचा भाग हिरवा पडून खाऊन गेलेला, चार-पाच तारा शिल्लक. त्या दिवशीची वहीतली नोंद एका ओळीची आहे: 'अर्थ पट्टी व दोन बोल्ट, १८ रु.' त्यानंतर वहीत काही नाही. गाडी पुढे १९९८ पर्यंत होती, पण लिहिण्यासारखं तिने परत काही केलं नाही.

मी हे खूप वर्षं मनात घोळवलं आहे. धक्का द्यायला आठ माणसं होती तोवर कारण शोधायची गरजच पडली नाही. गाडी सुरू होत होती, चहा होत होता, सगळे खुश होते. त्यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. त्या सकाळी मी आजही बदलून घेणार नाही. पण आठाचे सात आणि सातांचे पाच होताना वहीत दिसत होतं, आणि आमच्यातल्या कुणीच तो रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचला नाही.

आपल्यापैकी काहींकडे अजून जुन्या गाड्या जपलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी दादांनी नंतर माझ्याकडून घोकून घेतलेला क्रम देतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर आधी काहीही बदलू नका, फक्त आवाज ऐका. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोल. सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी बघा, टोपी पुसा. वासच नसेल तर पंप बघा. इंजिन रडत, जड फिरत असेल तर बॅटरी, तिची टोकं आणि अर्थ. तेव्हा हेडलाइट लावून किल्ली मारा: दिवा मंद झाला तर बॅटरी किंवा तिची टोकं, लख्ख राहिला तर इंजिनाची अर्थ पट्टी किंवा स्टार्टरच्या जोडण्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. लिहिलेलं परत वाचा.

वहीच्या तीन पानांचे फोटो सोबत टाकतो आहे. धक्का देणाऱ्यांची नावं पहिल्या दोन वर्षांत दादांनी पूर्ण लिहिली होती, ती मी झाकली आहेत. पण जनकगंजच्या आमच्या गल्लीतलं कुणी इथे असेल आणि त्या सकाळी आठवत असतील तर जरूर लिहा. मास्तरकाकांची मुलगी जबलपूरला असते असं मध्यंतरी कळलं होतं. तिचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर मला खासगी निरोप पाठवा. वहीची एक प्रत तिच्याकडे असावी असं वाटतं.