तात्कालिक गती : भास्कराचार्यांपासून सीमेपर्यंत

आज सकाळी आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो ते त्याच महामार्गाने, ज्याच्या डांबरीकरणाचा जून 2022 मध्ये जागतिक विक्रम झाला. लोणी ते माना या टप्प्यात, एकेरी मार्गाच्या हिशेबाने, 75 किलोमीटर काम सलग 105 तास 33 मिनिटांत झालं. भागाकार करा, ताशी साधारण 710 मीटर येतात. ही झाली सरासरी. पण दुसऱ्या रात्री बाराच्या ठोक्याला कामाचा वेग किती होता? क्षणाला लांबी नसते, त्यात रस्ता पुढे सरकत नाही. मग शून्य मीटर भागिले शून्य तास, याचं उत्तर काय द्यायचं? आजचं व्याख्यान एवढ्या एका प्रश्नावर आहे.

हा प्रश्न आपल्याकडे पंचांगाच्या वाटेने आला. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. 1150 मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसलं की भुसावळ, जळगाव आणि मग चाळीसगाव लागतं. तिथून जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, असं तिथला शिलालेख सांगतो.

चंद्र दिवसाला सरासरी तेरा अंश चालतो, पण त्याचा वेग सारखा बदलतो. तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसभराची सरासरी पुरत नाही. म्हणून भास्कराचार्य म्हणतात, चंद्रासाठी त्या वेळची गती घ्या. हीच तात्कालिक गती. ती काढायला त्यांनी नियम वापरला तो असा: कोन जरासा वाढला की ज्येत पडणारा फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो. आजची मुलं म्हणतील, साइनचा अवकलज कोसाइन. ग्रहाचं मंदफल जिथे सर्वांत मोठं, तिथे त्याची वाढ शून्य, हेही त्यांनी ओळखलं होतं.

पुढे नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवू लागले. 1858 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की भास्कराचार्यांना हे कलनशास्त्र ठाऊक होतं. 1860 मध्ये विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने त्याला उत्तर दिलं. साम्य मोठं आहे, पण दावा जास्तीचा आहे, असा त्याचा सूर होता. हा वाद आज मोबाईलवरच्या संदेशांतून पुन्हा फिरतो आहे. कोणी म्हणतो सगळं आपलंच, कोणी म्हणतो आपलं काहीच नाही.

आता निवाडा करायचा तर कसोटी कोणती, ते आधी बघू. समजा, एसटी स्टँडवरून सुटली आणि पहिले काही सेकंद तिचं मीटरमधलं अंतर सेकंदांच्या वर्गाइतकं आहे. तिसऱ्या सेकंदाला वेग किती? 3 ते 3.1 सेकंदांत अंतर 9 वरून 9.61 होतं, म्हणजे वेग 6.1. 3 ते 3.01 मध्ये 6.01. 3 ते 3.001 मध्ये 6.001. आकडे 6 कडे चालले आहेत, हे दिसतंच. आता लहानशा काळाला ‘ह’ म्हणू. (3 + ह) चा वर्ग वजा 9 म्हणजे 6ह + ह². ‘ह’ने भागलं की उरतं 6 + ह. इथे ‘ह’ टाकून द्यायचा आणि 6 म्हणायचं.

पण थांबा! भागताना ‘ह’ शून्य नव्हता आणि टाकताना शून्य झाला, असं कसं? 1734 मध्ये बिशप बर्कलीने न्यूटनच्या पद्धतीला हेच विचारलं. बर्कली तत्त्वज्ञ होता, आणि त्याची शंका बिनतोड होती. लाइब्निझचा पहिला लेख 1684 चा, पण पक्कं उत्तर मिळायला 1823 मध्ये कोशीची व्याख्याने छापली जावी लागली. कोशी म्हणतो, ‘ह’ शून्य करायचाच नाही. तो शून्याच्या जवळ नेला की भागाकार ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जातो, ती सीमा. ती सीमा म्हणजेच अवकलज.

तेव्हा आमचं म्हणणं असं. सीमेची व्याख्या ही कसोटी लावली, तर भास्कराचार्य नापास होतात, पण मग न्यूटन आणि लाइब्निझही पूर्ण पास होत नाहीत. क्षणाचा वेग मोजायची गरज ही कसोटी लावली, तर 1150 चा तो विचार पहिल्या रांगेत बसतो. मात्र त्यांचा नियम ज्येपुरता आणि ग्रहगतीपुरता होता. कोणत्याही फलाला लागू पडेल अशी रीत त्यांनी दिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी लपवू नये.

विद्यार्थी असताना आम्ही ‘ह’ची हीच शंका वर्गात विचारली होती. उत्तर मिळालं, ‘हे पेपरात येत नाही, सूत्र पाठ करा.’ सूत्र पाठ केलं, पण शंका काही गेली नाही. पुढे तत्त्वज्ञानाकडे वळलो, त्याला ती थोडी कारणीभूत आहेच.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. एक भागिले क्ष हे फल घ्या आणि सूत्र न वापरता, व्याख्येवरून त्याचा अवकलज काढा. उणे एक भागिले क्ष वर्ग यायला हवं. ‘ह’ने भागलं त्या ओळीखाली एक रेघ ओढा, सीमा घेतली त्या ओळीखाली दुसरी. बर्कलीची शंका आणि कोशीचं उत्तर त्या दोन रेघांच्या मध्ये आहे.