बर्लिनच्या वाटेवरील एक पराभव

१५ ऑगस्ट १९३६ रोजीं बर्लिन येथें हिंदुस्थानच्या हॉकी-संघानें जर्मनीवर आठ विरुद्ध एक अशा गोलांनीं विजय मिळविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या अगोदर एक महिनाहि लोटला नव्हता, तोंच जर्मनीच्या निवडक खेळाडूंनीं याच संघाला चार विरुद्ध एक असें हरविलें होतें, याचें स्मरण फार थोड्यांना असतें. विजयाचा इतिहास लिहितांना वाटेंतील पराभव गाळण्याची लोकांची रीतच आहे. तथापि एखादा बलाढ्य संघ ऐन हंगामाच्या मध्यावर कां ढांसळतो, हें समजून घेण्याच्या दृष्टीनें तो पराभवच अधिक बोधप्रद आहे.

या संघाची त्या वेळची कीर्ति केवढी होती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १९२८ सालीं अ‍ॅमस्टरडॅम येथें हिंदी खेळाडूंनीं पांच सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकहि होऊं दिला नाहीं. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें अमेरिकेवर त्यांनीं चोवीस गोल चढविले. १९३५ सालच्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत अठ्ठेचाळीस सामन्यांत ५८४ गोल झाले. अशा संघाला हार ठाऊक नसावी, यांत नवल नाहीं; आणि ज्याला हार ठाऊक नाहीं, त्याला तिची पूर्वचिन्हेंहि चटकन् ओळखतां येत नाहींत.

तीं चिन्हें मायदेशींच दिसलीं होतीं. १६ जून १९३६ रोजीं संघ दिल्लीस एकत्र आला आणि तेथील स्थानिक संघाकडून चार विरुद्ध एक असा हरला! पुढें इतर शहरीं विजय मिळत गेले, आणि दिल्लीची हार ही एक दैवगति समजून लोक ती विसरले. २७ जूनला संघ मुंबईहून बोटीनें निघाला, १० जुलैला मार्सेयला उतरला, आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचा प्रवास करून १३ जुलैला बर्लिनमध्यें दाखल झाला. अवघ्या चार दिवसांनीं, १७ जुलैला, जर्मनांशीं सरावाचा सामना झाला. आणि गोलांची संख्या पुन्हां तीच, चारास एक. त्या रात्रीं खेळाडूंना झोप लागली नाहीं, अशा आशयाचें वर्णन कर्णधार ध्यानचंद यांनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत केलें आहे.

या अधोगतीचें पहिलें कारण म्हणून प्रवासाकडे बोट दाखविण्यांत येतें, आणि तें खोटें नाहीं. पंधरवडा बोटीवर काढलेल्या माणसाचे पाय जड होतात, आणि हिंदुस्थानांतील कठीण, कोरड्या मैदानावर घडलेला हात युरोपांतील मऊ हिरवळीवर प्रथम चांचरतो. १९२८ च्या संघानेंहि समुद्र ओलांडला होता. परंतु त्याला ऑलिंपिकपूर्वीं इंग्लंडमध्यें अनेक सामने खेळावयास सांपडले, आणि त्यामुळें तेथील हवा व जमीन हळूहळू अंगवळणी पडली. १९३६ मध्यें पहिलाच मोठा सामना चौथ्या दिवशीं आला.

दुसरें कारण प्रतिपक्षाविषयींच्या अज्ञानाचें. १९३२ सालीं हॉकीच्या सामन्यांत हिंदुस्थान, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते. जर्मनी आला नव्हता. म्हणजे १९२८ सालीं तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या या राष्ट्रानें मधल्या आठ वर्षांत किती मजल मारली, याचें माप घेण्याचें साधन ऑलिंपिकच्या मैदानावर उपलब्ध झालेंच नव्हतें. जुन्या विजयाच्या गजानें नवा प्रतिस्पर्धी मोजला गेला.

परंतु ह्या दोन कारणांनीं दिल्लीच्या पराभवाचा उलगडा होत नाहीं. तेथें बोट नव्हती, परकी हवा नव्हती, जर्मनहि नव्हते. तेव्हां दोन्ही पराभवांना लागू पडणारें असें एक तिसरें कारण शोधावें लागतें, आणि तें संघाच्या रचनेंत सांपडतें. खुद्द ध्यानचंद हे फौजेंतील शिपाई. निवडीसाठीं भरविलेल्या प्रांतिक सामन्यांकरितां त्यांना पलटणीनें रजा दिली नाहीं. त्यांची निवड न खेळतांच झाली. ज्याच्याभोंवतीं सारी आघाडी फिरावयाची, तोच निवडीच्या मैदानावर नव्हता, आणि दिल्लीपूर्वीं हा संघ संघ म्हणून खेळलाच नव्हता.

त्या काळीं आघाडीला पांच खेळाडू असत. त्यांपैकीं मधल्याच्या दोन्ही बाजूंचे ‘इनसाइड’ खेळाडू म्हणजे मागची फळी व पुढची फळी यांना जोडणारे सांधे होत. तेव्हांच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणें पुढें चेंडू देतांना प्रतिपक्षाचे तीन गडी आड असावे लागत. म्हणून चेंडू कोणत्या क्षणीं द्यावयाचा, याचा अंदाज एकमेकांच्या संवयीवरच बसे. सामना चालूं असतां बदली खेळाडू घेण्याची मुभाहि नव्हती. अशा खेळांत एक सांधा सैल झाला, तर अकराहि जण निष्प्रभ दिसूं लागतात. हिंदी संघाचा उजवीकडील सांधा तसाच सैल राहिला होता. हा दोष कोणा एका खेळाडूच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. एकत्र खेळण्यास अवधि न मिळालेल्या संघांत कोठें तरी उणीव राहणारच. ती त्या जागीं उघडी पडली, इतकेंच.

संघाबरोबर गेलेले पंकज गुप्ता यांनीं हें अचूक हेरलें, आणि अली दारा या खेळाडूस तांतडीनें पाठवावें, असें मायदेशीं कळविलें. दारा विमानानें येऊन उपान्त्य सामन्यापूर्वीं संघास मिळाला. दरम्यान हंगेरीवर चार, अमेरिकेवर सात आणि जपानवर नऊ गोल झाले. दारा आल्यावर फ्रान्सवर दहा झाले. प्रतिस्पर्धी सारखे नसल्यामुळें केवळ या चढत्या आंकड्यांवरून निष्कर्ष काढणें धाडसाचें ठरेल. परंतु सरावाच्या पराभवापासून पहिल्या सामन्यापर्यंत मिळालेले जवळजवळ तीन आठवडे वायां गेले नाहींत, एवढें निश्चित.

अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हावयाचा, तो पावसामुळें एक दिवस लांबला. त्या सकाळीं खोलींत पंकज गुप्तांनीं काँग्रेसचा तिरंगी ध्वज काढला आणि खेळाडूंनीं त्याला वंदन केलें. परराज्याच्या निशाणाखालीं खेळणाऱ्या त्या तरुणांच्या मनांत काय चाललें असेल, हें एवढ्यावरून कळतें. पूर्वार्धांत केवळ एकच गोल झाला. मध्यंतरानंतर ध्यानचंदांनीं खिळ्यांचे बूट काढून ठेविले आणि रबरी तळव्याच्या बुटांनीं खेळूं लागले. परक्या जमिनीशीं जुळतें घेण्याचा जो धडा जुलैमध्यें मिळाला होता, तो ऑगस्टांत असा गिरविला गेला. आणखी सात गोल झाले. जर्मनीनें केलेला एक गोल हा त्या स्पर्धेंत हिंदुस्थानवर झालेला एकमेव होय. उलट हिंदी खेळाडूंचे गोल अडतीस.

त्या संघांत हिंदु, मुसलमान, शीख, अँग्लो-इंडियन असे सारे होते. मूळचे गोमंतकीय व कराचीचे रहिवासी पीटर पॉल फर्नांडिसहि होते. पुढें १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें हिंदुस्थानानें पुन्हां सुवर्णपदक जिंकलें. परंतु ज्याच्या येण्यानें बर्लिनमध्यें सांधा जुळला, तो अली दारा तेथें पाकिस्तानचा कर्णधार म्हणून उतरला होता. खेळाचें कसब ज्याच्या त्याच्या हातीं असतें, आणि तें सहसा एका महिन्यांत नाहींसें होत नाहीं. एकमेकांची संवय मात्र सहवासानें जडते आणि वियोगानें तुटते. १९३६ च्या उन्हाळ्यांत हिंदी संघ ढांसळला तो ती पुरतेपणीं जडली नव्हती म्हणून, आणि सांवरला तो वेळींच जडली म्हणून.