जेनीची पत्रे: व्यक्ती, नियम आणि गणन

१८९४ साली स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील रेक्टरपदाच्या भाषणात विल्हेल्म विंडेलबांट याने नियमान्वेषी आणि व्यक्तिलक्षी ज्ञान असा भेद केला. तो विषयांचा नव्हे, ज्ञानहेतूचा होता. एकच वस्तू दोन्ही दृष्टींनी अभ्यासता येते, हे त्याने मान्य केले होते. गॉर्डन ऑलपोर्ट याने १९३७ मध्ये या संज्ञा अमेरिकी मानसशास्त्रात आणल्यावर मात्र त्यांना दोन पक्षांचे रूप आले. व्यक्तीच्या वाट्याला कथन आणि नियमाच्या वाट्याला गणन, अशी वाटणी जणू ठरून गेली.

‘जेनी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्धेची ३०१ पत्रे ही वाटणी मोडतात. मुलाविषयीचा ध्यास, पैशाची विवंचना, मृत्यूचा विचार यांनी ती भरलेली आहेत. आल्फ्रेड बाल्डविन याने १९४२ मध्ये त्यांतील कोणते विषय व भाव वारंवार एकत्र येतात, याची मोजदाद केली. पद्धत संख्याशास्त्रीय होती; निष्कर्ष मात्र एका व्यक्तीपुरताच. (उलट एबिंगहाउसने १८८५ मध्ये मांडलेला विस्मरणाचा सर्वसामान्य नियम केवळ स्वतःवरील प्रयोगांतून निघाला होता!) १९६५ मध्ये ऑलपोर्टने पत्रे ग्रंथरूपात संपादित केली, तेव्हा अस्तित्ववादी, मनोविश्लेषणात्मक आणि रचनात्मक अशी विविध अर्थनिर्णयने त्यांना जोडली. ग्रंथात पत्रे आधी येतात, ही अर्थनिर्णयने नंतर.